केमोच्या फाईलमध्ये थायरॉइडचे एक पान हवे

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडायची, त्यातली 200 पहिल्याच वर्षी, अशी घोषणा केंद्र सरकारने 2025-26 च्या अर्थसंकल्पात केली. आमच्यासारख्या मुंबईपासून लांब राहणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. केमोची सलाईन घ्यायला रात्रीच्या एसटीने निघायचे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर देव पावला म्हणायचे, नाही मिळाली तर परळला टाटा स्मारक रुग्णालयाजवळ रस्त्याच्या कडेला पथारी टाकायची आणि उलट्या होत असताना त्याच वाटेने परत यायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच सलाईन जिल्ह्याच्या गावी मिळण्याची किंमत कळेल. म्हणून आधी या निर्णयाचे मनापासून स्वागत करते.

ही केंद्रे उभी राहत आहेत, त्यांच्या फाईली आणि छापील तक्ते अजून ठरायचे आहेत, तोवरच एक मागणी आपल्यापुढे ठेवायची आहे. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या प्रत्येक बाईची थायरॉइडची तपासणी उपचार सुरू होण्याआधी व्हावी, पुढे ठरलेल्या टप्प्यांवर पुन्हा व्हावी, आणि तिच्या फाईलमध्ये त्यासाठी एक वेगळे पान असावे.

मी सांगली जिल्ह्यातली एक शिक्षिका. थायरॉइडची गोळी मी कर्करोगाच्या कितीतरी आधीपासून घेते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन उतरेना, केस गळायला लागले, वैशाखातही पंखा नकोसा व्हायचा. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आणि ग्रंथी मंदावल्याचे निघाले. गोळी सुरू झाली, मी ठीक झाले आणि त्या आजाराला आजार म्हणणेही सोडून दिले. आपल्याकडे बायका ‘मला थायरॉइड आहे’ हे ‘मला चष्मा आहे’ इतक्या सहज सांगतात. पुढे स्तनात गाठ लागली. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, किरणांचे शेक झाले, आणि आता रोजची हॉर्मोनविरोधी गोळी चालू आहे. या सगळ्या काळात माझ्या थायरॉइडची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. कर्करोगाचे डॉक्टर म्हणायचे, “ते तुमच्या फिजिशियनना विचारा.” फिजिशियन म्हणायचे, “आता केमो चाललीय ना, आधी तिकडे विचारून या, मग बघू.” दोघेही चांगले डॉक्टर. दोघांनीही मला मनापासून तपासले. पण दोघांच्या मधली जागा मोकळी होती, आणि मी नेमकी त्या जागेत होते.

शेक संपले, पांढऱ्या पेशी वर आल्या, सोनोग्राफी चांगली आली, तरी मला फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की खुर्ची शोधावी लागायची. आवाज घोगरा झाला, मागच्या बाकापर्यंत पोचेना. रोजच्या मुलांची नावे ऐन वेळी आठवायची नाहीत. पोट साफ व्हायचे नाही. कातडी इतकी कोरडी की बांगड्या घासल्या तरी मनगटावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. भेटायला येणाऱ्या बायका कौतुकाने म्हणायच्या, “चेहरा कसा छान भरलाय, आता तब्येतीने धरलं बघा.” तो चेहरा भरलेला नव्हता, सुजलेला होता. पण कर्करोगातून उठलेल्या बाईचे वजन वाढणे हे आपल्याकडे शुभलक्षण मानले जाते, त्यामुळे त्याची तक्रार तरी कुणाकडे करायची? दवाखान्यात विचारले की उत्तर ठरलेले: केमोनंतर असे होतेच, थोडा वेळ द्या. शेवटी गावातल्याच त्या जुन्या डॉक्टरांनी थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करायला पाठवले. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर होता. गोळीचा डोस वाढला, ती घेण्याची वेळ बदलली, आणि पुढच्या तपासणीपर्यंत माझा आवाज मला परत मिळाला.

हे माझे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. हे का घडते ते समजून घेतले की कितीतरी बायकांच्या बाबतीत ते टाळता येते, म्हणून लिहिते आहे.

गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, थायरॉइडची छोटी ग्रंथी असते. शरीर किती वेगाने चालायचे, किती उष्णता निर्माण करायची, हृदयाने किती ठोके द्यायचे, आतड्याने किती हालचाल करायची, हे तिच्या हॉर्मोनवर ठरते. हॉर्मोन कमी पडले की मेंदूतली पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाचा संदेश जास्त जोरात पाठवते. म्हणून ग्रंथी मंद असेल तर टीएसएच वाढलेले दिसते. मोठ्या माणसात हा आकडा साधारण 0.4 ते 4 च्या दरम्यान असावा, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. तपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, आणि ग्रंथीचाच दोष असेल तर तो पकडायला बहुतेक वेळा पुरेशी आहे.

अडचण लक्षणांची आहे. ग्रंथी मंदावली की थकवा येतो, केमोनेही येतो. केस दोन्हींनी जातात. बद्धकोष्ठता ग्रंथीमुळे होते, तशी उलटी थांबवणाऱ्या औषधांनीही होते. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध घेणाऱ्या बाईच्या बोटांना मुंग्या येतात. थायरॉइड कमी असेल तर मनगटातली नस दाबली जाऊनही बोटे बधिर होतात. लेट्रोझोलसारख्या हॉर्मोनविरोधी गोळीने सकाळी उठताना सांधे आखडतात, आणि थायरॉइड कमी असलेल्या माणसाचे अंगही तसेच आखडते. मन खिन्न होणे, विसरायला होणे, झोप पुरी झाली तरी डोळे जड राहणे, यातले काय कशाचे हे बाहेरून पाहून कुणालाही सांगता येणार नाही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी. रक्त तपासल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. आणि समोर कर्करोगासारखा मोठा आजार उभा असला की सगळा दोष त्याच्याच पदरात टाकला जातो.

थकवाच तर आहे, त्याने काय मरण येते, असे कुणी म्हणेल. मला सगळ्यात कळकळीने सांगायचे आहे ते इथेच. हॉर्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि केमो संपली म्हणजे उपचार संपत नाहीत. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल अशी गोळी रोज, किमान पाच वर्षे, काहींना दहा वर्षांपर्यंत घ्यावी लागते. आजार परत येऊ नये म्हणून ही गोळी असते, आणि ती अर्ध्यावर सोडली तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. आमच्याच तालुक्यातल्या, शेतमजुरीला जाणाऱ्या एका बाईने ती दीड वर्षात सोडली. का सोडली विचारले तर म्हणाली, “ती गोळी मला सोसत नाही. अंग उचलत नाही. खुरप्याला बसले की उठवत नाही. रोजगार बुडतो.” तिचे अंग उचलत नव्हते ते खरेच होते. तिची थायरॉइडची तपासणी कधी झालीच नव्हती, आणि झाली तेव्हा ग्रंथी मंद निघाली. थायरॉइडचा दोष कर्करोगाच्या गोळीच्या माथी बसला आणि तिला वाचवणारी गोळी ताकाच्या डेऱ्यामागे पडून राहिली. आता ती दोन्ही गोळ्या घेते. मधले महिने मात्र कुणी परत देऊ शकत नाही. एका साध्या तपासणीअभावी बाई कर्करोगाचा उपचार सोडते, हे आपण होऊ देता कामा नये.

आता रोजची सकाळ कशी असते ते जरा जवळून पाहावे, कारण खरी गफलत तिथे होते. थायरॉइडसाठीची थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घ्यायचा नाही. केमोच्या काळात पित्तासाठी पॅन्टोप्राझोल देतात, तीही उपाशीपोटी. दोन्ही पाकिटांवर औषधाच्या दुकानातला मुलगा एकसारखीच खूण करतो, आणि बाई दोन्ही गोळ्या एका घोटात घेऊन टाकते. थायरॉक्सिन नीट विरघळून शोषले जायला पोटात आम्ल लागते, आणि पित्ताची गोळी नेमके तेच आम्ल कमी करते. लेट्रोझोल घेणाऱ्या बाईला हाडांसाठी कॅल्शियम देतात. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी देतात. ही दोन्ही थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. अशक्तपणा जावा म्हणून प्रोटीनची पावडर येते, त्यात पुष्कळदा सोया असते, आणि सोयानेही गोळी कमी शोषली जाते. शिवाय चतुर्थी आहे, एकादशी आहे, नवरात्र बसले आहे म्हणून ‘आज गोळी नको’ असे म्हणणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या या सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत असतात, आणि कोणती केव्हा घ्यायची ते ठरवणारी एकटी बाई असते. सून आणि मुलगा मदत करतात, पण त्यांना तरी कोण सांगणार?

माझ्या घरी आता थायरॉक्सिनची बाटली उशाशी आणि कॅल्शियम जेवणाच्या डब्याजवळ असते. सकाळी जाग आली की पहिली ती गोळी, मग अंघोळ, देवपूजा, आणि मग चहा. कॅल्शियम दुपारी शाळेत, डबा खाल्ल्यावर. ही घडी मला एका परिचारिकेने बसवून दिली. ओपीडीत गर्दी असतानाही तिने माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या, प्रत्येकीवर स्केचपेनने वेळ लिहिली, आणि थायरॉक्सिन तिच्या मूळ बाटलीतच ठेवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका, असे बजावले. पाच मिनिटांचे काम. ते एका भल्या परिचारिकेच्या मर्जीवर राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

डोस जास्त झाला तर बरेच, असेही नाही. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन हाडे पोकळ करते आणि हृदयाची लय बिघडवते. लेट्रोझोलच्या वर्गातल्या गोळ्याही हाडे विरळ करतात. दोन्हींचा भार एकाच कमरेवर पडतो. केमोतल्या काही औषधांचा आणि ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या काळात ठरावीक अंतराने इको काढतात. त्याच हृदयाचा वेग थायरॉइडच्या हॉर्मोनवर चालतो, हे त्या वेळी कुणाच्या तरी ध्यानात असायला हवे. टॅमॉक्सिफेनचा प्रकार आणखी निराळा. रक्तातले थायरॉइडचे हॉर्मोन वाहून नेणारे प्रथिन या औषधाने वाढते. ज्यांची ग्रंथी धडधाकट आहे त्या जास्त हॉर्मोन बनवून हे भरून काढतात. ज्या गोळीवर अवलंबून आहेत त्यांना कधी कधी डोस थोडा वाढवावा लागतो. अशा वेळी एकूण टी-4 चा, म्हणजे रक्तातल्या थायरॉक्सिनचा, आकडा वाढलेला दिसतो आणि फसवतो. पाहायचे असते ते टीएसएच आणि मुक्त टी-4.

फसवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती घरोघरी आहे. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात. कुणी मैत्रिणीने सुचवले म्हणून, कुणी जाहिरात पाहून. त्यात वाईट हेतू काहीच नाही. टक्कल पडलेल्या डोक्याने लग्नकार्यात जाणे किती अवघड असते ते मला ठाऊक आहे. पण जास्त मात्रेतले बायोटिन अनेक प्रयोगशाळांतल्या थायरॉइडच्या चाचणीत ढवळाढवळ करते. टीएसएच खोटेच कमी दिसते, टी-4 खोटेच जास्त दिसते. रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांना वाटते गोळी जास्त होते आहे, आणि ते डोस कमी करतात. आधीच दमलेली बाई आणखी दमते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बायोटिनमुळे रक्ताच्या चाचण्या चुकू शकतात असा इशारा 2017 मध्येच दिला होता. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, ही एक ओळ तपासणीच्या चिठ्ठीवर छापायला काय लागते?

ज्यांना आधी थायरॉइड नव्हता त्यांनाही उपचारांतून तो होऊ शकतो. गाठ काखेतल्या अवधाणांपर्यंत गेलेली असेल तर गळ्याच्या पायथ्याशी, हाडाच्या वरच्या खळग्यात शेक देतात. त्या वेळी थायरॉइडचा काही भाग किरणांच्या वाटेत येतो. परिणाम लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतो. तोवर बाईच्या दवाखान्याच्या खेपा कमी झालेल्या असतात आणि या दोन गोष्टींचा संबंध लावणारे कुणी उरत नाही. दुसरे कारण नव्या इम्युनोथेरपीचे. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब वापरतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारे हे औषध आहे, आणि तीच शक्ती कधी कधी थायरॉइडवर उलटते. आधी ग्रंथी भडकते, छाती धडधडते, वजन उतरते, आणि काही आठवड्यांत ती थंडावते, बहुधा कायमची. हे औषध महाग आहे, आज जिल्ह्यात थोड्यांच्याच वाट्याला येते. पण डे-केअर केंद्रे वाढतील तसे तेही पोचेल, आणि ते देणाऱ्या प्रत्येक केंद्रात थायरॉइडची तपासणी औषधाच्या दर काही फेऱ्यांनंतर व्हायलाच हवी.

हा प्रश्न मूठभर बायकांचा नाही. देशातल्या आठ शहरांत झालेली एक पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई होती, गोवाही होता. तपासलेल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांपैकी जवळपास 11 टक्के लोकांची ग्रंथी मंद होती, बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते, आणि यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते. दुसरीकडे, स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग आहे. 2022 या एका वर्षात देशात सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्णांचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. केमोच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांत दोन्ही आजार असलेल्या किती असतील, आणि त्यातल्या किती जणींना त्यातला एक अजून कळलेलाही नसेल!

या दोन आजारांची गाठ नवी नाही. 1896 मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात बीजांडकोश काढून टाकण्याचा उपाय ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हॉर्मोनच्या वाटेने कर्करोगाला अडवण्याची सुरुवात तिथून झाली. टॅमॉक्सिफेन त्याच वाटेवरचे. पण बीटसन यांनी त्या रुग्णांना बीजांडकोश काढण्याबरोबर थायरॉइडचा अर्कही दिला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. गुण आला तो बीजांडकोश काढल्याने, अर्काने नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले. इतक्या जुन्या काळी एका डॉक्टरने बाईच्या शरीरातल्या दोन ग्रंथींचा एकत्र विचार केला होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि म्हणूनच हेही बजावून सांगते. थायरॉइडची गोळी हा कर्करोगावरचा उपाय नाही. उलट, ‘तुला या गोळीनेच कॅन्सर झाला’ असे सांगून बायकांना ती बंद करायला लावणारेही भेटतात. थायरॉइड आणि स्तनाचा कर्करोग यांच्या नात्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या बाईची ग्रंथी काम करत नाही तिने त्या भीतीपोटी गोळी सोडावी, असे त्यात काहीही नाही. कोबी-फ्लॉवर ताटातून कायमचे काढण्याचीही गरज नाही, शिजवून बेताने खाल्ले तर चालते. प्रत्येक थकवा थायरॉइडचाच असतो असेही मी म्हणत नाही. केमोचा थकवा खरा असतो, रक्त कमी झाल्याचा असतो, काळजीचा असतो, रात्रभर घाम येऊन झोप मोडल्याचा असतो. बाई फार आजारी असताना किंवा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड चालू असताना टीएसएचचा आकडा तात्पुरता इकडेतिकडे होतो, म्हणून दर आठवड्याला रक्त काढत बसण्यात अर्थ नाही. योग्य वेळी काढलेले पुरे.

ती योग्य वेळ कागदावर यावी, एवढेच मागणे आहे. पहिल्या केमोआधी सगळ्यांची एकदा तपासणी. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईची, टॅमॉक्सिफेन किंवा त्या जातीची गोळी सुरू झाल्यावर आणि डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा, कारण थायरॉक्सिन शरीरात सावकाश मुरते आणि त्याआधीचा आकडा खरे सांगत नाही. गळ्याच्या पायथ्याला शेक घेतलेल्या बाईची पुढे दर वर्षी. आणि थकवा उतरत नाही असे जी बाई म्हणेल तिची, तिला घरी पाठवण्याआधी. रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था आपल्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत आज आहे. थायरॉक्सिन आणि टॅमॉक्सिफेन, दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. थायरॉक्सिनची गोळी डे-केअर केंद्राच्या औषध खिडकीवर, केमोच्या बाकी औषधांबरोबरच, फुकट मिळावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांचा खर्च भागतो. त्यांच्या पाठपुराव्यात ही तपासणीही नावानिशी धरावी. माझ्या वेळी मी ती बाहेर पैसे देऊन केली. मला पगार आहे. खुरप्याला जाणारी बाई तेवढ्या पैशांत घरचा बाजार आणते, आणि दोन्हींतले काय निवडायचे हे तिला विचारावेसुद्धा लागत नाही.

ते पान कसे लिहायचे हे ठरवायला नवी समिती नेमण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांत एकसारखे उपचार व्हावेत म्हणून 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड काम करते, त्याचे केंद्र आपल्याच मुंबईत, टाटा स्मारक रुग्णालयात आहे. त्यांचे तज्ज्ञ आणि ग्रंथीविकारांचे दोन-चार डॉक्टर एकत्र बसले तर हे एका दुपारचे काम आहे. पानाच्या एका बाजूला टीएसएचचे आकडे आणि तारखा, म्हणजे सांगलीचा रिपोर्ट परळला आणि परळचा सांगलीला वाचता येईल. दुसऱ्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरात गोळ्यांच्या वेळा: कोणती पहाटे, चहा केव्हा, कॅल्शियम आणि लोह केव्हा, बायोटिन कधी थांबवायचे, उपासाच्या आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी थायरॉक्सिनचे काय करायचे. वाचता न येणाऱ्या बाईसाठी सूर्य, कप आणि ताट यांची चित्रे. तेच पान गावातल्या आशाताईंना समजावून द्यावे, कारण गोळी सोडलेल्या बाईच्या दारात पहिल्यांदा त्याच पोचतात.

छापायला देण्याआधी त्या पानाचा कच्चा खर्डा एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या केमोच्या खोलीत न्यावा. तिथे सलाईन लावून बसलेल्या बायकांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुलीसुनांना तो वाचून दाखवावा, आणि कुठले वाक्य कळले नाही ते त्यांनाच विचारावे. बोलावलेत तर त्या दिवशी शाळेतून रजा काढून मी येईन. सोबत माझ्या फाईलमधले, परिचारिकेने स्केचपेनने वेळा लिहून दिलेले पाकीटही घेऊन येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
स्तनाच्या कर्करोगाची आणि थायरॉइडची एक रुग्ण,
जि. सांगली